घाऱ्याला दिसतं

माझ्या कचरूमामाचे डोळे घारे होते. आमच्या सगळ्या गणगोतात असे डोळे दोघांचेच, एक मामाचे आणि दुसरे त्याच्या पोरीचे, बेबीचे. बाकी आम्ही सगळे काळ्या डोळ्यांचे. मामाचे डोळे उन्हात हिरवट पिवळे दिसायचे, आणि लहान लेकरं त्याला पाहून आईच्या मागं दडायची. गावानं तर ठरवूनच टाकलं होतं की मांजराला जसं अंधारात दिसतं तसं घाऱ्याला दिसतं. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, ते मला विचारू नका. असल्या गोष्टींना ग्रामपंचायतीचा ठराव लागत नाही.

मी चिखलीच्या शाळेत शिकवते. मामा मला नावानं कधी हाक मारायचा नाही, मास्तरीण म्हणायचा. माझं डोकं लवकर तापतं असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण ही गोष्ट थंड डोक्यानं सांगण्यासारखी नाही, आणि मी ती तशी सांगणारही नाही.

मामा विहिरी खोदणाऱ्या टोळीत होता. टोळीचा मुकादम गुलाबराव, आमच्याच मोताळ्याकडच्या गावचा. आमच्याकडं माती हातभर आणि खाली काळा फत्तर, तो पहारीला दाद देत नाही. म्हणून खडकात भोकं पाडायची, त्यात सुरुंगाची दारू ठासायची, वाती पेटवायच्या आणि शिडीवरून वर पळायचं. भर दुपारी बार उडवायचे. मग माणसं झाडाखाली भाकरी खायची, आणि धूर निवला, ऊन कललं की खाली जाऊन फुटलेला दगड काढायचा.

पण सगळ्यांनी खाली जाण्याआधी एक काम असायचं. एखादा बार न उडता तसाच राहतो. त्याच्यावर पहार पडली की तो तेव्हा उडतो, आणि माणसाचं काही हाती लागत नाही. वरून आवाज मोजून हे कळत नाही, कारण दोन बार एकदम उडाले की एकच आवाज येतो. म्हणून एकानं आधी एकट्यानं उतरायचं, सगळी भोकं पाहायची, आणि काही राहिलं नसेल तर खालून ओरडायचं, 'साफ!' त्या एका शब्दावर बाकीचे शिडीवर पाय ठेवत. तो शब्द म्हणणारा माणूस म्हणजे माझा मामा. राहिलेल्या दारूच्या भीतीनं कंदील खाली नेत नसत, विहिरीत ऊन पोचत नाही, फत्तर काळा, चिखल काळा, वातीचं टोक काळं. घाऱ्याशिवाय तिथं कोणाला दिसणार?

मामाला याचा फार अभिमान होता, आणि का होता ते समजून घ्या. आम्ही बौद्ध. दीक्षेच्या आधी आमच्या माणसांना गावच्या विहिरीच्या काठालाही हात लावता येत नसे. माझा आजोबा रिकामी घागर घेऊन लांब उभा राहायचा, कोणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं. मामा म्हणायचा, "ज्या हिरीजोळ माह्या बापाले उभं राहू देत नोते, तिच्या तळात मी सगळ्याच्या आंधी पाय ठेवतो." हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा. गुलाबरावही चारचौघांत म्हणायचा की कचरू आहे म्हणून माझ्या टोळीतल्यांच्या बायका कुंकू लावून आहेत. लोकांनी मामाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि विहिरीत उतरवलं.

उतरण्याआधी तो एक गोष्ट न चुकता करायचा. काठावर उकिडवा बसून खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून घ्यायचा, तोंड पूर्ण झाकायचा, आणि दोन बिड्या ओढून व्हाव्यात इतका वेळ तसाच बसायचा. टोळीतले समजायचे की हा काहीतरी म्हणतो, डोळे जागे करतो. त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलत नसे.

एकदा मी त्याला खोदूनखोदून विचारलं तेव्हा तो हसला. उन्हातून एकदम खाली गेलं की त्याला ठार काही दिसायचं नाही. घाऱ्या डोळ्यांना ऊन फार बोचतं, दुपारभर त्यांतून पाणी गळतं. थोडा वेळ डोळे झाकून बसलं की मग अंधारात उमजायला लागतं, इतकंच. मी म्हटलं, मामा, हे तर कोणालाही जमेल. तो म्हणाला, "जमन न. पण त्याहिले कायले सांगतं?"

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागायच्या आधी, आमच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. बाहेरगावचे डॉक्टर आले होते. मामानं चहाची कपबशी दोनदा जमिनीऐवजी हवेतच ठेवली असं मामी, म्हणजे तानाबाई, मला आधीच सांगून गेली होती. मी मामाला दटावून बोलावून घेतलं. डॉक्टरांनी बॅटरीनं दोन्ही डोळे पाहिले आणि सांगितलं, मोतीबिंदू आहे, दोन्हीकडं. अजून कच्चा आहे, पिकला की काढू, पुढच्या वर्षी या. तोवर अंधुक उजेडात कमीच दिसणार, उन्हात डोळे दिपणार.

मी तिथंच विचारून घेतलं की डोळे घारे असले तर अंधारात जास्त दिसतं का. डॉक्टर म्हणाले, "बाई, रंग पडद्याला असतो. खिडकीला हिरवा पडदा लावा की काळा, घरातल्या माणसाची नजर तीच. फक्त फिक्या पडद्यातून ऊन जास्त आत येतं." मामा खाली मान घालून ऐकत होता. त्याला यात नवीन काही नव्हतं, नवीन होता तो मोतीबिंदू.

एसटीत त्यानं मला सांगितलं की ही गोष्ट कोणाला सांगू नको. मी म्हटलं सांगणार, आणि सुट्टी लागल्याबरोबर गावात मामाकडं राहायला जाऊन सांगितलीच. मामीनं मामाला फैलावर घेतलं. दीक्षा घेतली तेव्हा देव सोडले, उपास सोडले, अंगारे सोडले, मग हे डोळे कशाला उराशी धरून बसलास, असं ती त्याला म्हणाली.  मग मी गुलाबरावाकडं गेले आणि त्याला सगळं उलगडून सांगितलं, पडद्याची गोष्टसुद्धा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टरचे डोळे कोणत्या रंगाचे होते?"

मी म्हटलं, काळे.

"मंग त्याले काय ठाऊक?" गुलाबराव म्हणाला. झाडाखालचे सगळे खदखदा हसले, आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली.

आदल्या पावसाळ्यात पाऊस झालाच नव्हता. नद्या, ओढे, सगळं ठणठणीत. सरकारी कामांवर माणसं दगड फोडत होती आणि गावची पिण्याची विहीर तळाला गेली होती. ती आणखी खोल करायचं काम गुलाबरावाच्या टोळीकडं आलं. गावचा मोठा माणूस महादेवराव, त्याचं रोज टुमणं, लवकर करा, लवकर करा. बायका अर्धा दिवस पाण्यामागं फिरत होत्या. अशा वेळी टोळीत 'साफ' म्हणणारा माणूस नाही असं चाललंच नसतं. आणि मामाला तर आता विहिरीच्या तळात स्वतःच्या पायाची बोटं दिसत नव्हती.

तेव्हा मामानं बेबीला बरोबर न्यायला सुरुवात केली.

बेबी तेव्हा अठराएक वर्षांची. अंगानं काटक, जिभेनं तिखट, माझ्यावरच गेलेली. तिचं लग्न जमत नव्हतं. पाहायला यायचे, पोहे खायचे, तिनं मान वर केली की घास तोंडातच राहायचा. घाऱ्या डोळ्यांची पोरगी घर खाते म्हणे. ज्या डोळ्यांनी बापाला मान मिळाला त्याच डोळ्यांनी पोरीचं नशीब अडवलं होतं. त्यामुळं बापानं विहिरीवर चल म्हटल्यावर ती नाचतच गेली. बाप पुढं, ती मागं, दोघं शिडीनं उतरायचे. ती भोकं पाहायची, हा बोटांनी चाचपायचा, आणि वर हाक द्यायचा तो मामाच.

टोळी खूश झाली. दोन घारे डोळे होते, आता चार झाले. बेबी तर मला रोज संध्याकाळी सांगायची, "ताई, मले खरंच दिसते वो. बाबाले नाही दिसत ते मले दिसते." दिसणारच की! तिचे डोळे तरणे होते, धड होते, आणि बापाच्या सांगण्यावरून तीही त्याच्याशेजारी त्याच दुपट्ट्याखाली बसत होती. पण दुपट्टा कशासाठी ते मामानं तिला सांगितलंच नव्हतं. मी त्याला म्हटलं, सांगून टाक. तो म्हणाला, सांगतो, सांगतो. पोरीच्या डोळ्यांचं पहिल्यांदा कोणी चांगलं बोलत होतं, ते तिच्यापासून काढून घ्यायचा त्याला धीर होत नव्हता. बेबीची समजूत अशी की ही म्हाताऱ्या बापाची खोड आहे, डोळे थकले म्हणून त्याला लागते.

मला त्या दिवसांत धड झोप येत नव्हती. दुपारी बार उडाले की घरातली भांडी हलायची, आणि मग 'साफ' ऐकू येईस्तोवर मामी आणि मी एकमेकींशी बोलत नसू. भाजी निवडत असू तर हात तसेच थांबायचे.

मेच्या अखेरीस मामाला हिवताप भरला. त्या दुपारी तो गोधडीत कुडकुडत पडला होता. बार उडून बराच वेळ झाला होता. मामी पाण्याच्या शोधात गेली होती, मी मामाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते. बेबी कुठं आहे, त्यानं विचारलं. मी सांगितलं की गुलाबरावाचा माणूस आला होता, ती त्याच्याबरोबर विहिरीवर गेली. मामानं अंगावरची गोधडी बाजूला केली. मग एकदम म्हणाला, "खुटीवर माहा दुपट्टा हाय का पाह्य."

दुपट्टा खुंटीवरच होता.

मामा तसाच उठला. मी आडवी झाले तर त्यानं मला ढकललं. दाराबाहेर ऊन असं होतं की माझ्याच डोळ्यांपुढं काजवे चमकले, त्याला तर काहीच दिसत नसणार. मी खुंटीवरचा दुपट्टा ओढला, एका हातानं त्याचं मनगट धरलं आणि पळाले. वाटेत तो दोनदा पडला. विहीर नजरेत आली आणि त्याच क्षणी खालून बेबीचा आवाज आला, खणखणीत, 'साफ!' टोळीतला जानराव, आमच्या वस्तीतलाच, मामाचा जुना सोबती, तो शिडीवर पाय टाकत होता. त्याच्या हातात पहार होती.

"उतरू नको बे!" मामा ओरडला. जानराव जिथं होता तिथं थांबला. मामा चाचपडत काठाशी आला, पोटावर आडवा झाला आणि विहिरीत तोंड घालून बोलला, "बेबे, हालू नको. तुले दिसत नाही. मलेबी कधी दिसलं नाही. पदरानं डोळे झाक, अन् दोन बिड्याचा टाइम तशीच बस."

 मग बेबी चिडून म्हणाली की मी सगळं पाहिलंय, काही नाही. मामा पुन्हा तेच बोलला, पण या वेळी त्याचा आवाज रडका झाला होता, आणि मला वाटतं त्यामुळंच तिनं ऐकलं. मग सगळे उभेच. जानराव शिडीवरून मागं सरला. गुलाबरावानं बिडी काढली, पण पेटवली नाही.  बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, पण बारीक, लहान असताना ती बोलायची तसा.

"बाबा, हाय. माह्या पायाजोळच हाय."

ती वर आली तेव्हा तिच्या तोंडाला रंग नव्हता. मामानं तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. मग तो टोळीकडं वळला आणि वीस वर्षं झाकून ठेवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. ऊन बोचतं, म्हणून दुपट्टा. डोळे झाकून बसलं की कोणालाही दिसतं. घारे, काळे, सगळे डोळे सारखेच. आता तर माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तो बोलत होता आणि मला त्याच्याकडं पाहवत नव्हतं, कारण हा माणूस स्वतःच्या हातानं स्वतःचा मान उतरवून ठेवत होता.

गुलाबरावानं मान डोलावली आणि बाकीच्यांना म्हणाला, पाहिलं ना, बापानं वरून नजर दिली तेव्हा पोरीला दिसलं. टोळीतले हो हो म्हणाले.

बेबीनं माझ्या हातातला दुपट्टा घेतला, झटकला आणि गुलाबरावापुढं धरला. "बसा मुकादम. दोन बिड्या बसा, अन् मंग तुम्हीच उतरा. बार कुठी हाय ते मी सांगतो. तुम्हालेबी दिसन."

गुलाबरावानं दुपट्ट्याकडं पाहिलं, मग विहिरीकडं. मला आज पोट ठीक नाही म्हणाला. बेबी दुसऱ्याकडं गेली, तिसऱ्याकडं गेली. कोणी म्हणालं माझी बायको बाळंतपणाला आलीय, कोणी म्हणालं आमच्या घरात काळ्या डोळ्यांना हे लाभत नाही. दुपट्टा कोणी घेतला नाही. जानराव घ्यायला पुढं झाला होता, मामानंच त्याला हातानं मागं सारलं.

तेव्हा मामाला कळलं, आणि मलाही. डोळ्यांचा प्रश्न कधी नव्हताच हो! कोणीतरी सगळ्यांच्या आधी मरणाच्या तोंडात जायला हवं होतं, आणि ते आमच्यातलं हवं होतं. घारे डोळे हे नुसतं निमित्त. वीस वर्षं मामा ज्याला मान समजत आला तो हा होता. घरी येताना तो माझा हात धरून चालत होता आणि वाटेत एकच वाक्य बोलला. "मास्तरीण, हे मले दिसाले पाह्यजे होतं."

त्यानंतर विहिरीचं काम थांबलं. खाली जिवंत बार, कोणी उतरेना. तळाशी झिरपत होतं तेवढं पाणीही काढायची पंचाईत झाली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात दोन बाया रिकाम्या घागरी घेऊन येऊन बसल्या. काही मागितलं नाही, काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसल्या. दुपारी दहा झाल्या. संध्याकाळी वस्तीच्या वाटेनं चालायला जागा नव्हती. त्यांत आमच्या वस्तीतल्याही होत्या, कडेवर लेकरं घेऊन. बेबी घरातून बाहेर आली की सगळ्यांच्या नजरा तिच्या डोळ्यांकडं जायच्या. मी दार लावून घेतलं तरी घागरी दगडाला टेकल्याचे आवाज आत येत होते. बेबी कानांवर हात ठेवून म्हणाली की मी जाते, एकदाचं होऊन जाऊ द्या. मामीनं तिला मारलं, आणि मग जवळ घेऊन रडली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला महादेवराव आमच्या घरी आला. असा माणूस आमच्या वस्तीत मतांसाठी यायचा, पण उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलायचा. त्या दिवशी तो आत आला, मामाच्या खाटेवर बसला, आणि मामीला म्हणाला, थोडं पाणी द्या. घरात तांब्याभर पाणी होतं, तेच मामीनं दिलं. महादेवराव ते प्याला. तोंड लावून, सगळं, आमच्या घरच्या पेल्यानं. त्याचा बाप माझ्या आजोबाची सावली पडली म्हणून अंघोळ करायचा. हे पाहून मामाच्या वस्तीनं धन्य व्हावं अशी त्याची अपेक्षा असावी. एवढं पाणी हा माणूस फुकट पिणार नाही हे मला तेव्हाच समजलं.

पेला खाली ठेवून तो म्हणाला, "कचरू, गाव तहानलं हाय. पोरीले पाठव."

मी तोंड उघडणार होते, पण मामानं हात वर केला. "सकाळी काम होऊन जाईन," तो म्हणाला. महादेवराव समाधानानं गेला. मामीनं मामाला वाटेल ते बोलून घेतलं, मीही बोलले, आणि त्यानं सगळं ऐकून घेतलं. रात्री बेबीच्या उशाला बसून तो तिच्या केसांवरून हात फिरवत होता, हे मला झोप लागायच्या आधीचं आठवतं.

पहाटे जाग आली ती दार वाजल्यानं नाही, दार उघडत नव्हतं म्हणून. मामी आतून ओढत होती. मामानं बाहेरून कडी घातली होती. खुंटीवर दुपट्टा तसाच लटकत होता. बेबी दारावर डोकं आपटून त्याला हाका मारायला लागली. उजाडायला आलं होतं. आम्ही तिघींनी दार धरून ओढलं, कडी काही निघाली नाही.

मग जमीन हलली. एक आवाज झाला की दोन, ते कळलं नाही.

जानराव त्याच्याबरोबर गेला होता. विहिरीच्या काठावरून त्यानं जे पाहिलं ते नंतर सांगितलं. मामा एकटाच उतरला, हातात दिवाही घेतला नाही. बेबीनं सांगितलेली जागा त्यानं बोटांनी शोधली, जिवंत बाराशेजारी दुसरा बार लावला, लांब वात ठेवली, पेटवली आणि वर चढायला लागला. शिडीची मधली एक पायरी निखळलेली होती. धड डोळ्यांच्या माणसाला ती दिसली असती. जानरावानं ओरडून सांगितलं, पण मामाचा पाय तिथंच पडला. पुढचं त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्या विहिरीला पाणी लागलं. अगदी त्याच ठिकाणी, त्याच बारानं खडक फुटला आणि झरा मोकळा झाला. आठवडाभरात बाया हसतखिदळत पाणी भरायला लागल्या. गुलाबराव सांगत सुटला की घाऱ्याला खडकाच्या आतलं पाणीसुद्धा दिसलं होतं, म्हणून तो गेला. गरज सरो आणि वैद्य मरो. लोकांनी तिचं नाव घाऱ्याची विहीर ठेवलं. महादेवरावानं तिथं नारळ फोडला. मामी त्या विहिरीचं पाणी पीत नाही, ती लांबून आणते.

तेरवी आमच्यात नसते. पण बरोबर त्या सुमाराला गुलाबराव नवं लुगडं घेऊन दारात आला. बीबी गावाकडं चार विहिरींचं काम मिळालंय, बेबीताईला घेऊन जातो, मुलीसारखी सांभाळीन, असं तो म्हणाला. आजवर बेबे बेबे करणारा माणूस, आता बेबीताई! मामीनं ते लुगडं चुलीत घातलं. नवं कोरं लुगडं, पाहता पाहता गेलं. मी दुसऱ्याच दिवशी बेबीला घेऊन चिखलीला निघाले. माझ्या शाळेजवळच्या शिवणाच्या वर्गात तिला घालायचं मी ठरवलं होतं.

बुलडाण्याला एसटी बदलली. बेबीनं बापाचा दुपट्टा मांडीवर घडी करून ठेवला होता. समोरच्या बाकावर एक बाई होती, कडेवर लेकरू, बोलकी, मायाळू. ती बेबीकडं सारखी पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"काय वो बाई, तुहे डोळे घारे हायत. तुले अंधारात दिसत असन, नाही?"

बेबीनं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "नाही," ती म्हणाली. "माह्या बापालेबी दिसत नोतं."

त्या बाईला ते खरं वाटलं नाही.